भिंतीवरचं पहिलं नाव

बोदलकशाच्या तलावाची पाळ मागे पडली तेव्हा कुठे नीट उजाडलं. बेहडाटोल्याहून निघाल्याला दीड कोस झाला होता आणि तेवढाच अजून बाकी होता. पुढे भोजराज गुरुजी, डोक्यावर काळी टोपी, हातात तेंदूची काठी. मागे सात-आठ पावलं सोडून त्यांची सून रुख्मिणी. सासऱ्याच्या मागून चालायचं आणि विचारलं तरच बोलायचं, ही घरची रीत. गुरुजी काही विचारत नव्हते. म्हणून तिनं मनातल्या मनात नाम धरलं होतं, आणि एका नामाला एक पाऊल टाकत ती चालली होती.

चैत्र लागला होता आणि रानात मोह गळत होता. मोहाखालचा पाला लोकांनी जागोजागी जाळून जमीन साफ केली होती. त्याचा निळसर धूर झुडपांच्या कमरेला अडकून राहिला होता. त्या धुरातून, त्या वासातून चालताना माणसाला कळेनासं होतं, की आपण चालतो आहोत की कुणी बोट धरून आपल्याला नेतं आहे. ओल्या गुळाचा, पिकल्या फळाचा, न्हाऊ घातलेल्या बाळाच्या टाळूचा, असे सगळे वास त्या एका वासात होते. मधूनच एखादं फूल वरून सुटे आणि वाळल्या पानावर टप् करून पडे. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्. रुख्मिणीला वाटलं, रान झोपेत काहीतरी पुटपुटतं आहे, आणि आपण मोठ्यानं श्वास घेतला तर ते जागं होईल.

गुरुजींना मात्र या कशाचं भान नव्हतं. त्यांची काठी जमिनीवर जरा जास्तच जोरानं पडत होती.

काम एकच होतं. बिसरामच्या धाकट्या पोराला, सुखरामला, परत शाळेत आणायचं. मार्गशीर्षात डिप्टीसाहेब तपासणीला आले होते आणि जाताना सांगून गेले होते, की यंदा सातवीच्या फायनलला या शाळेतून पाच पोरं बसली नाहीत, तर वरचे वर्ग बंद. शाळा चौथीपर्यंतच राहील. सातवीत पोरं होती नेमकी पाच. चौघं तयार होती. पाचवा सुखराम, आणि तो होळीपासून शाळेत पाऊल टाकत नव्हता. परीक्षा आता सोळा दिवसांवर आली होती. गुरुजींनी बिसरामला गाठलं, तर तो बैलाच्या पाठीवर हात फिरवत एवढंच म्हणाला, की त्याची माय म्हणेल ते. त्याची माय धुरपताबाई तर पोराला घेऊन मोह वेचायला रानात जाऊन राहिली होती. तिथं पुरुष माणसानं एकट्यानं जाऊन बसणं बरं दिसत नाही. शिवाय ती गुरुजींशी सरळ बोलेल याचा भरवसा नव्हता. म्हणून सून सोबत.

ही सातवी गुरुजींनी स्वतः उभी केली होती. बावीस साली ते बेहडाटोल्याला आले तेव्हा शाळा म्हणजे एक पडवी होती, आणि चौथी झाली की पोरगा नांगराला लागायचा. गुरुजी स्वतः धानाच्या बांधीतून उठून शिकलेले. फायनलला भंडाऱ्यापर्यंत पायी गेलेले. त्यांनी घरोघरी फिरून, हातापाया पडून, कधी भांडून, मोठी पोरं गोळा केली होती. चौदा वर्षांत त्यांच्या हातून एकतीस पोरं फायनल पास झाली. कुणी मास्तर झालं, कुणी पटवारी, कुणी रेल्वेत गेलं.

मोठ्या पोरांना वागवायची त्यांची तऱ्हाच वेगळी होती. पोरगा सातवीत गेला की त्याला छडी नाही. शाळेची किल्ली पाळीपाळीनं एकेकाच्या घरी राही. ज्याच्याकडे किल्ली त्यानं सगळ्यांच्या आधी येऊन दार उघडायचं, पाण्याचा माठ भरायचा. पोरं ती किल्ली करदोट्याला बांधून गावभर मिरवायची. दिवेलागण झाली की गुरुजी गावातून एक फेरी मारत आणि सातवीच्या पोराच्या घरासमोर आले की खोकत. आत माय म्हणे, मास्तर खोकलले, वाच बाबू. एका घरी तर पोरगा दिवा लावून, पुस्तक छातीवर घेऊन खुशाल घोरत असे, आणि बाहेर गुरुजी खोकले की त्याची आजीच मोठमोठ्यानं रामनाम म्हणू लागे, म्हणजे बाहेरच्याला वाटावं पोरगा वाचतो आहे. गुरुजींना हे माहीत होतं. घरी येऊन सांगताना ते हसत, आणि म्हणत, आजी तरी पास होईल.

आणि शाळेच्या ओसरीवरची भिंत होती. पास झालेल्या प्रत्येक पोराचं नाव गेरूनं तिच्यावर लिहिलेलं. लहान पोरं त्या नावांवरून बोट फिरवत अक्षरं शिकायची. बाजारला जाणाऱ्या बाया, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यासुद्धा, आपल्या पोराचं नाव कुठल्या ओळीत आहे ते जागेवरून ओळखत, आणि जाता जाता तिथं हात लावून हात कपाळाला लावत.

मागच्या साली त्याच भिंतीनं घात केला.

अक्षयतृतीयेच्या आधी गावातल्या बाया शाळेला छुई देतात. पांढरी माती ती. कालवून, जुनी नावं तेवढी सोडून, हातानं भिंतीवर फिरवली, की भिंत दुधासारखी होते. भिंत नुकती वाळली होती आणि मारुतीच्या देवळात चित्र काढायला तिरोड्याहून आलेला रंगारी गावातच होता. तो म्हणाला, मी उद्या जातो, लिहायचं असेल तर आजच सांगा. पोरं भंडाऱ्याहून परीक्षा देऊन आली त्याला चारच दिवस झाले होते. निकालाला अजून महिना होता. गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि पाचही नावं सांगितली. पोरं मीच शिकवली आहेत, म्हणाले, मला निकालाची वाट कशाला पाहायची? त्या पाचांत सगळ्यांत वरचं नाव बिसरामच्या थोरल्या पोराचं, गुलाबचंदचं. जिल्ह्यात नंबर काढेल असा पोरगा, असं गुरुजी चारचौघांत सांगत.

निकालाच्या कागदावर चारच नावं होती. गुरुजींनी कागद दोनदा वाचला. मग पाकीट उलटं करून झटकलं, जणू पाचवं नाव आत अडकलं असावं. दुपारी त्यांनी रुख्मिणीला बोलावून म्हटलं, भिंतीवर यंदाच्या वरच्या ओळीवरून छुईचा हात फिरव. तिनं फिरवला. गेरू लवकर मरत नव्हता. पांढऱ्यातून तांबडं पुन्हा वर येत होतं. तीन हात द्यावे लागले. त्या रात्री गुलाबचंद घरी आला नाही, आणि त्यानंतरही आला नाही. गाव म्हणालं, नापास झाल्याची लाज वाटली. गुरुजीही तेच समजत होते.

सकाळचं ऊन शेंड्यांवरून खाली जमिनीवर उतरलं तेव्हा त्यांना मोहाची ती चार मोठी झाडं दिसली. झाडांखालची जमीन जाळून काळी झाली होती आणि त्या काळ्यावर पिवळसर फुलं अशी पसरली होती, की आभाळच कुणी उलटं अंथरलं आहे असं वाटावं. धुरपताबाई वाकून वेचत होती. थोडं पलीकडे सुखराम. गुरुजींना पाहताच तो उभा राहिला, आणि हातातली फुलं कुठे ठेवावी हे न सुचल्यासारखा तसाच राहिला.

धुरपताबाईनं पदर ओढला, पण पाठ फिरवली नाही.

"काऊन आले जी मास्तर? एक पोरगा नेला, आता दुसराही पायजे का?"

रुख्मिणीनं पुढे होऊन तिच्या पाया पडून घेतलं. काकी, आधी पाणी तर द्या, असं म्हणून तिनं गोष्ट हलकी करायचा प्रयत्न केला. धुरपताबाईनं तुंब्यातलं पाणी दिलं. पाण्याला कुणी नाही म्हणत नाही, म्हणाली, पण पाणी पिऊन वाटेला लागा. मग गुरुजी बोलू लागले. डिप्टीसाहेबांनी काय सांगितलं, चार पोरं कशी तयार आहेत, पाचवा नसला तर दहा गावांतल्या पोरांची सातवी कशी जाईल, हे सगळं त्यांनी मांडलं. ते चांगलं बोलत. सभेत बोलले तर लोक डोळे पुसत. धुरपताबाई ऐकताना वेचतच होती. त्यांचं झालं तेव्हा तिनं टोपली सरळ केली.

"तुमच्या वर्गाले पाच पोरं पायजेत," ती म्हणाली. "मले त दोनच होते."

गुरुजी म्हणाले, की गुलाबचंद नापास झाला त्याचं मलाही दुःख आहे, पण नापास कोण होत नाही, त्यानं पुन्हा बसायचं होतं, घर सोडायचं नव्हतं.

धुरपताबाई ताठ उभी राहिली. आणि मग तिनं जे सांगितलं ते आजवर तिनं गावात कुणालाच सांगितलं नव्हतं.

पोरगा निकालानं गेला नव्हता. भिंतीवर नाव लिहिलं त्या दिवशी सांजेला तो घरी आला तो चुलीजवळ बसून राहिला. जेवला नाही. मायनं खोदून विचारलं तेव्हा बोलला, की भूमितीचा कागद अर्धा कोरा राहिला. आपण पास होत नाही, हे त्याला भंडाऱ्यालाच कळलं होतं. "मी म्हणलं, जाय, मास्तरले सांग," धुरपताबाई म्हणाली. "तो म्हणे, माय, कसं सांगू? भिंतीवर मा नाव पहिलं हाय." महिनाभर पोरगा शाळेच्या वाटेनं गेला नाही. मागच्या बाजूनं, नाल्यातून जायचा. निकालाच्या दिवशी मात्र गेला. चिंचेच्या झाडाआड उभा राहून त्यानं भिंत पाहिली, आणि भिंतीवरून हात फिरवणारी गुरुजींची सूनही पाहिली.

रुख्मिणीनं हातातला तुंबा खाली ठेवला. त्या दुपारी चिंचेखाली कुणीतरी आहे असं तिला वाटलं होतं. तिनं मागं वळून पाहिलं नव्हतं, कारण हात मातीनं भरले होते आणि पदर सरकला होता.

"तुमी पोरायले झाडावर चढवता मास्तर," धुरपताबाई म्हणाली, आता आवाज खाली आला होता. "खाली उभे राहून टाळ्या वाजवता. पडला त झेलाले कोणी नाही."

गुरुजी खाली बसले, त्यांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. फुलं पडत राहिली. एक गुरुजींच्या खांद्यावर पडलं, एक टोपीत पडलं. धूर झाडाच्या बुंध्यापासून निघून हळूहळू उन्हात वर चढत होता, आणि त्या उजेडात गुरुजींचा चेहरा रुख्मिणीला ओळखीचा वाटेना. जणू ते दूर कुठेतरी, भंडाऱ्याच्या त्या परीक्षेच्या शाळेच्या फाटकाशी उभे होते.

"मी सगळ्यांना विचारलं होतं," ते म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. "फाटकाबाहेर आले तसं एकेकाला विचारलं, कागद कसा गेला. गुलाबचंदला नाही विचारलं. त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, तुला काय विचारायचं!"

असं म्हणून ते उठले, पंचा जमिनीवर पसरला आणि वाकून मोह वेचू लागले. वेचायची सवय मोडलेली होती. फुलाबरोबर राखही उचलत होते. धुरपताबाई एकदा म्हणाली, राहू द्या मास्तर, धोतर कारं होईल. त्यांनी ऐकलं नाही. मग रुख्मिणीही वेचू लागली. चौघं चार बाजूंना वाकलेली, मध्ये ती सांडलेली फुलं, आणि वर पानं झडलेल्या फांद्यांतून झिरपणारं ऊन. किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नसतं. पूजेला बसल्यावर होतं तसं झालं होतं. हात आपले चालत होते आणि मन कुठेतरी निवांत बसलं होतं.

पलीकडच्या झाडाखाली गेल्यावर तिला राखेत काहीतरी दिसलं. सुतळीच्या दोन टोकांना दोन काटे बांधून कुणीतरी एक मोठं वर्तुळ काढलं होतं. त्याच्या आत त्रिकोण, कोनांवर अक्षरं. सकाळपासून त्याच्यावर बरीच फुलं पडली असणार, पण आता वर्तुळ स्वच्छ होतं. तिनं मान वर करून पाहिलं. धुरपताबाई त्याच बाजूनं वेचत येत होती. वर्तुळाच्या आत एक फूल पडलं. धुरपताबाई पाऊल बाहेर ठेवून, हात लांब करून, दोन बोटांनी ते फूल अलगद उचलून पुढे गेली. रेघ मोडली नाही.

रुख्मिणीनं पाहिलं हे तिच्या लक्षात आलं. ती काहीशी चिडून म्हणाली, दिवसभर हेच करून राहते पोट्टा, वेचाचं नावच नाही.

"पुस्तक आहे का जवळ?" गुरुजींनी सुखरामला विचारलं. सुखराम मायकडे पाहून मग म्हणाला, हाये. टोपलीखाली. गुरुजींनी पुढे काही विचारलं नाही. तयारी कशी आहे, नाही. किती पाढे येतात, नाही. एवढंच म्हणाले, की बरं.

निघताना धुरपताबाईनं आपलं म्हणणं सांगितलं. मोह विकत घ्यायला येतो तो छोटेलाल सांगत होता, की गुलाबचंद गोंदियाला आहे. कुडव्याला एका लांबच्या आत्याकडे राहतो आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर पोत्यांवर व्यापाऱ्यांची नावं घालतो. जिवंत आहे हे छोटेलालच्या तोंडचं. त्याच्या हातचं काहीच नाही.

"त्याच्या हातचा निरोप आणा," ती म्हणाली. "दोन ओळीचा आणा. मंग लहानाले घेऊन जा भंडाऱ्याले. निरोप नाही त पोरगा नाही."

सोळा दिवसांत, गुरुजी म्हणाले. त्यांनी ते विचारलं नव्हतं, स्वतःशीच मोजलं होतं. धुरपताबाईनं त्यांच्या पंच्यातला मोह आपल्या टोपलीत ओतून घेतला आणि एक ओंजळभर रुख्मिणीच्या पदरात टाकला. वाटेत खा, म्हणाली.

परतीला ऊन डोक्यावर आलं होतं. वाट पांढरी झाली होती. तलावाशी पोचले तेव्हा गुरुजी पाळीवरच्या एका अर्जुनाच्या झाडाखाली बसले आणि त्यांनी सुनेलाही, थोडं अंतर सोडून, बसायला सांगितलं. पाणी हलत नव्हतं. पैलतीराची झाडं त्यात उलटी उभी होती, आणि त्यांच्यामधून एक कोळी होडी नेत होता, इतक्या हळू की ती चालते आहे की नाही हे बघण्यासाठी डोळा झाडावर ठेवावा लागे. रुख्मिणीनं पाण्याला हात जोडले. मागायचं काय ते तिला नीट सुचलं नाही. त्या पोराला सुखी ठेव, एवढंच ती म्हणाली, आणि दोघांपैकी कुठल्या पोराला, ते तिनं देवावर सोडलं.

"तो कुडव्याला आहे हे मला दिवाळीपासून माहीत आहे," गुरुजी म्हणाले.

तिनं चमकून पाहिलं.

ते सांगत गेले. छोटेलालनंच त्यांनाही सांगितलं होतं. त्यांनी पत्र टाकलं. परत आलं. पुन्हा टाकलं, पुन्हा परत. तीन वेळा. पाकीट उघडलेलंसुद्धा नाही, वर डाकवाल्याचा शेरा, घेणार नाही म्हणतात. रुख्मिणीला ती पाकिटं आठवली. संक्रांतीच्या सुमाराला एक तिनंच दाराशी घेतलं होतं आणि कचेरीचं असेल म्हणून ठेवून दिलं होतं. त्या पत्रांत काय होतं ते गुरुजींनी सांगितलं. पुन्हा परीक्षेला बस. तुझ्यासारख्या बुद्धीच्या पोरानं पोती मोजू नयेत. माझी तुझ्यावर अजून आशा आहे.

"उघडली नाहीत तेच बरं झालं," ते म्हणाले.

होडी झाडांतून बाहेर पडून उघड्या पाण्यात आली. गुरुजींनी जमिनीवरचा एक खडा उचलला, हातात फिरवला, आणि पुन्हा होता तिथं ठेवला. सासरा सुनेकडे काही मागत नाही. हुकूम करतो, किंवा सासूच्या तोंडून सांगतो. सासू जाऊन सहा वर्षं झाली होती. रुख्मिणीला कळलं, की त्यांना बोलायचं आहे आणि जमत नाही. म्हणून तिनं रीत सोडली आणि आपणच विचारलं, "मामाजी, काय करू मी?"

"बेटा, एक पत्र लिहून दे," गुरुजी म्हणाले. ते तिच्याकडे नाही, पाण्याकडे पाहत होते. "शाळेचं, परीक्षेचं, नंबराचं काही घालू नको. माय मोहाखाली एकटी वेचते, डोळे वाटेकडे असतात, ते लिही. भावानं राखेत वर्तुळ काढलं होतं, ते तू पाहिलंस, ते लिही. आणि लिही, की मास्तरनं विचारलं आहे, त्या दिवशी कागद कसा गेला होता." ते थांबले. "उद्या तिरोड्याचा बाजार आहे, डाक जाईल. आजच लिही. आणि पाकिटावरचा पत्ताही तूच घाल. माझं अक्षर तो लांबून ओळखतो."